भिंतीवरचे ऊन

चिकलठाण्यास माझ्या धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड आहे. जालना रस्त्याने शहर मागे पडू लागले की कारखान्यांची पत्र्याची छपरे लागतात, विमानतळाची लांबच लांब भिंत लागते, आणि मग एका गल्लीत त्यांचे तीन खोल्यांचे घर. आमची आई गेली काही वर्षे तिथेच असते. तिची खोली उत्तरेच्या अंगाची. समोरच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, पोपडे सुटतात आणि दिवाळीच्या आधी रंगारी येऊन तिला पुन्हा पांढरे करून जातो. या लेखाचा विषय ती भिंत आहे असे म्हटले तरी चालेल. पण सुरुवात भाचीपासून करावयास हवी.

भाची डिझाइनच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक मोठे काम पुरे करून परीक्षकांपुढे मांडावे लागते. तिने विषय घेतला तो असा : स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरून घरांच्या भिंतींसाठी कागदांची एक मालिका तयार करावयाची. पाच वॉलपेपर, म्हणजे नक्षी पुन्हा पुन्हा येते असे, आणि दोन म्युरल, म्हणजे एक अख्खी भिंत व्यापणारे एकच चित्र. गणपतीनंतर मी गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत जमिनीवर ही सारी मालिका पसरलेली होती आणि घरातली माणसे कडेकडेने चालत होती.

“मामा, ‘छान आहे’ एवढं म्हणून उठू नका,” ती म्हणाली. “छान आहे असं सगळेच म्हणतात. कुठे चुकलंय ते सांगा.”

टीका मागून घेणारा कलावंत विरळा. मी तिथे दोन दिवस राहिलो आणि जे वाटले ते तिला सांगितले. ते इथे लिहावे की नाही, हेही तिला विचारले. “लिहा, पण माझं नाव नको,” एवढीच तिची अट.

मालिकेतले सर्वांत मोठे काम म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी. हातात कमळ, मान किंचित झुकलेली, पापण्या खाली. चित्र दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. घरातल्या सर्वांना हेच आवडलेले होते. माझ्या मते मालिकेतले सर्वांत फसलेले काम हेच.

पहिली अडचण हिशेबाची. लेण्यात फ्लॅश लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आतला उजेड मंद. तिचा फोटो साध्या फोनवर घेतलेला, आडवे चार हजार ठिपके असलेला. ते चार हजार ठिपके दहा फुटांवर, म्हणजे १२० इंचांवर ताणले की इंचाला तेहतीसच येतात. तुमच्या हातातल्या या अंकात चित्र छापतात ते इंचाला साधारण तीनशे ठिपक्यांनी. भिंत लांबून पाहतात, त्यामुळे थोडे कमी चालते हे खरे. पण आईची खोली दहा बाय अकराची, तिथे लांब जायचे कुठे? पद्मपाणीच्या ओठांपाशी उभे राहिले की ओठ दिसत नाहीत, तांबूस धुके दिसते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मूळ भिंतीवर गिलावा जिथे जिथे गळून पडला आहे, तिथे भाचीने संगणकाच्या साहाय्याने चित्र भरून काढले आहे. शेजारचा रंग उचलायचा आणि खड्ड्यात बसवायचा. काम इतके सफाईदार आहे की कुठे मूळ आणि कुठे भर, हे कळत नाही. आणि मला खटकते ते नेमके तेच.

अजिंठ्याच्या चित्रांची नकल करणे हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे आणि त्याचा इतिहास बऱ्याच अंशी आगींचा इतिहास आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. पुढे १८४४ मध्ये मद्रास पलटणीतल्या रॉबर्ट गिलवर चित्रांच्या नकला करण्याची कामगिरी सोपवण्यात आली. त्याने तिथे वर्षानुवर्षे काढली. १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याच्या बहुतेक नकला जळून गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ मध्ये आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, ते पुढे नामवंत चित्रकार झाले. तीनशेच्या आसपास चित्रे लंडनला गेली, आणि तिथेही १८८५ मध्ये आग लागून त्यांतली कितीतरी नष्ट झाली. या मंडळींनी एक पापही केले : चित्र उजळ दिसावे म्हणून मूळ भिंतीला वॉर्निश फासले, आणि ते पुढे पिवळे पडून चित्रांवर बसले. पण दुसऱ्या एका बाबतीत ते प्रामाणिक राहिले. गिलावा पडलेला असेल तर त्यांच्या नकलेतही तो पडलेलाच दिसतो. नसलेला हात त्यांनी काढला नाही.

छायाचित्र आले तेव्हा हा प्रश्न मिटेल असे वाटले होते. गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या पूर्ण नावातच ही चित्रे छायाचित्रणावर आधारित असल्याचे सांगितले आहे, जणू तीच खरेपणाची हमी. नंतर बेनॉय बहल यांनी लेण्यातल्या अगदी थोड्या उजेडात, कॅमेऱ्याची झडप दीर्घकाळ उघडी ठेवून रंग टिपले. त्यांचे पुस्तक १९९८ चे. आणि नाशिकचे प्रसाद पवार यांनी तर छायाचित्रांवरून संगणकावर चित्रांची पुनर्रचनाच हाती घेतली. भाची मला नेमके हेच उदाहरण देऊन म्हणाली, “ते भरतात, मग मी का नको?”

फरक असा आहे. पुनर्रचना करणारा अभ्यासक एक कल्पना मांडतो, आणि पाहणाऱ्याला शेजारी मूळ चित्र ठेवून ती तपासता येते. वॉलपेपर विकत घेणाऱ्यापुढे मूळ नसते. त्याच्या मुलांना अजिंठा म्हणजे आपल्या दिवाणखान्यातली भिंत, असेच वाटत राहणार. पुढे कधी सहलीला गेल्यावर ती मुले खऱ्या भिंतीसमोर उभी राहतील आणि म्हणतील, “आमच्याकडचं चांगलं आहे, हे खराब झालंय.” हा विनोद म्हणून लिहीत नाही.

पण या चित्रावरची खरी टीका मी केलेली नाही, आमच्या आईने केली. भाचीने चित्र भिंतीवर उभे धरून दाखवले. आई पलंगावर बसली होती. तिने बराच वेळ पाहिले, हात जोडले आणि विचारले :

“अगं, पण यांच्याकडे पाय करून मी झोपू कशी?”

पलंगाचा पायथा त्याच भिंतीकडे आहे. भाची क्षणभर गप्प झाली. डिझाइनच्या पुस्तकांत रंगसंगती असते, प्रमाण असते; झोपलेल्या माणसाचे पाय कुठे येतील हे सहसा नसते. आणि हा केवळ आमच्या आईच्या सोवळेपणाचा मुद्दा नव्हे. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या शहरातल्या हजारो घरांत बुद्ध आणि बोधिसत्त्व हे सजावटीचे विषय नाहीत. ज्याला कोणी नमस्कार करतो, त्याला सोफ्याच्या पाठीमागे लावताना चित्रकाराने दोनदा विचार करावा. भाचीने पद्मपाणीची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवली. मला वाटते ती आता खाली येणार नाही.

आता मकबऱ्याच्या जाळीचा वॉलपेपर. बीबी का मकबरा हे औरंगजेबाच्या बेगमेचे थडगे, सतराव्या शतकात उभे राहिलेले. ताजमहालाशी तुलना करून त्याला हिणवण्याची आपल्याला सवय लागली आहे. संगमरवर थोडा, वरचे काम चुन्याच्या गिलाव्याचे, म्हणून गरिबाचा ताज. मला स्वतःला त्या गिलाव्यातली वेलबुट्टी फार आवडते. चुन्यात बोट बुडवून काढल्यासारखी ती मऊ आहे. असो. भाचीने तिथल्या एका जाळीचा फोटो घेतला, त्यातला एक चौकोन कापला आणि तो चारही दिशांना जुळेल असा बसवला. सांधा कुठेही दिसत नाही. तिच्या शिक्षकांनी या कामाचे कौतुक केले असे कळले, आणि हाताची सफाई पाहता ते रास्त आहे.

परंतु तो कागद आम्ही भिंतीला लावून पाहिला तेव्हा डोळ्यांना काहीतरी टोचू लागले. काय ते लवकर ध्यानात येईना. संध्याकाळी खिडकीतून उजेड तिरपा आत आला तेव्हा उलगडा झाला. फोटो दुपारी चारच्या सुमाराचा. जाळीच्या प्रत्येक भोकात उजवीकडून आलेले ऊन आणि डावीकडे पडलेली सावली. आईच्या खोलीची खिडकी डावीकडे! म्हणजे खोलीतला खरा उजेड एका बाजूने येतो आणि भिंतीवरचा छापील उजेड दुसऱ्या बाजूने. त्यातही, खऱ्या जाळीवर ऊन सरकते, फिकट होते, मावळते. या कागदावर ते सकाळी सातलाही चारचे, रात्री दहालाही चारचे. आणि ते एकदा नव्हे, तर दर एकवीस इंचांवर पुन्हा, कारण रोलची रुंदी तेवढी असते.

छायाचित्रावरून भिंत करू पाहणाऱ्या प्रत्येकाची गाठ या अडचणीशी पडते असे मला वाटते. छायाचित्र एका क्षणाचे असते, एका जागेवरून घेतलेले असते आणि त्यात एक सूर्य असतो. भिंतीला यांतले एकही चालत नाही. भिंत दिवसभराची असते, ती खोलीत कुठूनही दिसते, आणि तिच्यावरचा सूर्य खिडकी ठरवते. फोटो म्हणतो, माझ्याकडे पाहा. चांगला वॉलपेपर तसे म्हणत नाही. तो नजरेला टेकायला जागा देतो आणि तिला निघूनही जाऊ देतो. बाजारात आज जे धबधबे, घोडे आणि मावळते समुद्र भिंतींना चिकटवले जातात, त्यांच्यासमोर आठ दिवसांत माणूस कंटाळतो तो या कारणाने.

मग चित्रावरून भिंत करताच येत नाही काय? येते. आणि त्याचा एक थोर नमुना आपल्याच देशाशी संबंधित आहे. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज काका-पुतणे अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानभर फिरले. त्यांच्यापाशी एक काळी पेटी होती; समोरच्या देखाव्याची छाया तिच्या भिंगातून कागदावर पडायची आणि ती गिरवायची. रसायनाशिवायचा फोटोच म्हणा ना. पुढे त्यांनी वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे १८०३ मध्ये छापली, पण ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. हा वेल्स म्हणजे पुण्यात नाना फडणवीसांचे चित्र रंगवणारा. सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची जी सोय झाली, तिथला आपला गंगाराम तांबट हाही वेरूळला जाऊन लेण्यांची रेखाटने करीत होता. भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिला आनंद झाला. आपल्या वर्गातला कुणी अडीच शतकांपूर्वीचा भेटल्यासारखा.

तर या डॅनियलांच्या चित्रांवरून फ्रान्समधल्या झुबेर नावाच्या कारखान्याने १८०७ मध्ये ‘हिंदुस्थान’ या नावाचा एक भला मोठा देखावा भिंतींसाठी छापला. मोंजँ नावाच्या चित्रकाराने तो रचला. वीस पट्ट्या, आणि त्या छापायला लाकडाचे बाराशेंहून अधिक ठसे. मोंजँने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने डॅनियलांची चित्रे मोठी केली नाहीत. त्यांतली देवळे, घाट, झाडे, हत्ती सुटे केले आणि एका सलग क्षितिजावर पुन्हा मांडले. वरती भरपूर मोकळे आकाश ठेवले, म्हणजे खोलीची उंची कमीजास्त असली तर आकाशातच कात्री चालवता येईल. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या इमारती त्यात शेजारी आल्या, हे भूगोलाच्या दृष्टीने हास्यास्पद आहे. पण तो कागद ‘हाच तो हिंदुस्थान’ अशी साक्ष देत नाही; तो उघड उघड रचलेला आहे. भाचीचा पद्मपाणी जे लपवतो, ते झुबेरचा कागद लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा अजिंठ्याकडे वळलो, पण यावेळी नजर वर करून. अजिंठ्याला जाणारा प्रवासी भिंती पाहतो. छताकडे पाहून मान दुखते म्हणून सोडून देतो. वास्तविक घराच्या भिंतीला काय हवे ते छतावर आहे. भिंतीवर त्या चित्रकारांनी कथा सांगितल्या, आणि छतावर चौकटी पाडून फुले, फळे, पक्षी, बुटके, कमळांतून धावणारा हत्ती असे सारे भरले. कापडाचा चांदवा ताणून बांधावा तसे. म्हणजे काय पाहावयाचे आणि कशाखाली बसावयाचे, हा भेद त्यांना पंधराशे वर्षांपूर्वी ठाऊक होता. त्या नक्षीत उगवतीचे ऊन नाही आणि मावळतीचेही नाही; जमिनीवर पडलेली सावली नाही. म्हणून ती कोणत्याही खिडकीच्या खोलीत बसते. ग्रिफिथ्ससाहेबाने हे ओळखले होते. १८९६-९७ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड नक्षीकामाचा आहे. त्याच्या शाळेत घडलेल्या मातीच्या भांड्यांवरही अजिंठ्याची नक्षी उतरली. विद्यार्थ्यांनी छत हाताने गिरवले होते, त्यामुळे वळण कुठून निघते आणि कुठे जिरते हे त्यांच्या मनगटाला माहीत झाले होते. फोटो घेणाऱ्याच्या मनगटाला हे माहीत होत नाही. बटण दाबले की संपले.

भाचीच्या मालिकेत छतावरचा एक वॉलपेपर आहे, दुसऱ्या लेण्यातल्या हंसांचा. तो तिने सर्वांत शेवटी, उरकल्यासारखा केला होता. रंग थोडे मिठाईच्या दुकानातले झाले आहेत, विशेषतः हिरवा. तरी मालिकेतले सर्वांत जिवंत काम तेच. फोटोवरून तिने हंसांच्या रेषा हाताने काढल्या आणि फोटो बाजूला ठेवला. पाच हंस काढले, आणि पाचांची रांग पुन्हा पुन्हा छापली. मी ते पाहून खूश झालो आणि तसे बोललोही. त्या कागदाची एक पट्टी आम्ही खळ लावून आईच्या खोलीत दाराशेजारी चिकटवली आणि चहा घ्यायला बाहेर आलो.

पत्र्याच्या छपरांवरून केलेल्या वॉलपेपरबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. चिकलठाण्याच्या कारखान्यांचे पन्हाळी पत्रे, त्यांच्या उभ्या रेषा, मधूनच गंजाचा एक ओघळ. कल्पना ताजी आहे, आणि अजिंठा-मकबरा सोडून तिने स्वतःच्या गल्लीकडे पाहिले याचे मला विशेष वाटले. हेरिंगहॅमबाईंबरोबर १९०९ ते १९११ च्या सुमारास अजिंठ्याच्या नकला करायला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. त्यांनी पुढे १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रे केली ती बोधिसत्त्वांची नव्हेत, तर सुताराची, शिंप्याची, ढोलकी वाजवणाऱ्याची. मात्र अजिंठ्यात गिरवलेली रेषा त्यांच्या हातात होती. भाचीच्या पत्र्यांना अजून ती रेषा सापडलेली नाही. तो फोटोच राहिला आहे. एखाद्या उपाहारगृहाला शोभेल. तिथे माणूस पाऊण तास बसतो. इतर दोन वॉलपेपर आणि दुसरे म्युरल यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. ते वहीभरतीचे काम आहे आणि हे तिलाही ठाऊक आहे.

चहा घेऊन आम्ही आत गेलो तर आई चष्मा लावून त्या पट्टीसमोर खुर्ची ओढून बसली होती.

“छान आहेत गं बदकं,” ती म्हणाली.

“हंस आहेत, आजी.”

“हंस तर हंस. पण याचा पंख मोडलाय बघ. आणि इथे खाली पुन्हा हाच मोडक्या पंखाचा. आणि तो तिथेही. एकाच पाखराला इतक्या ठिकाणी का मारलंत?”

मूळ छतावर एका हंसाच्या पंखाचा रंग उडालेला आहे. रेषा काढताना भाचीने तो तसाच उडालेला ठेवला. पण लेण्यात काळाने एकदा केलेली जखम तिच्या कागदावर दर एकवीस इंचांवर होत होती. मी कलेवर चाळीस वर्षे लिहितो आहे आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते. मग आम्ही ग्रिफिथ्सच्या ग्रंथातली चित्रे संगणकावर उघडून त्या हंसांच्या रांगेकडे नीट पाहिले. एकाची मान मागे वळलेली, एक चोचीने पाठ खाजवतो आहे, एक पाऊल उचलून थांबलेला. रांग आहे, ताल आहे, आणि तरी एक हंस दुसऱ्यासारखा नाही. चित्रकाराला ठसा ठाऊक नव्हता असे नव्हे. कापडावर ठसे उमटवण्याची कला या देशात जुनी. त्याने प्रत्येक हंस पुन्हा काढला, कारण खाली बसणाऱ्याला वर पाहायला पुष्कळ वेळ होता.

भाचीने हिशेब मांडला. रोल तेहतीस फुटांचा. आईच्या भिंतीची उंची नऊ फूट; म्हणजे एका रोलमध्ये तीन पट्ट्या निघतात आणि थोडा कागद उरतो. तीन पट्ट्यांत एकही हंस पुन्हा यायला नको असेल तर किती हंस काढावे लागतील? आकडा पाहून ती हसली. आज संगणकावर छापताना नमुना एकवीस इंचांतच संपला पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. ती सक्ती लाकडी ठशांच्या आणि रुळांच्या दिवसांतली. सबंध रोलभर नवे नवे हंस छापायला यंत्राची ना नसते. काढायला माणूस हवे.

“मार्चपर्यंत होतील?” मी विचारले.

“रोज तीन काढले तर होतील. हिरवा बदलावा लागेल ना?”

“हो, बदलावा लागेल.”

परवा बहिणीचा फोन आला होता. रंगारी येऊन गेला. ओल अजून पुरती सुकलेली नाही, त्यामुळे कागद लावायला त्यानेही नाहीच म्हटले. या दिवाळीला आईच्या समोरची भिंत नेहमीसारखी पांढरी आहे. दाराशेजारची ती पट्टी मात्र आईने काढू दिली नाही; आल्यागेल्याला ती मोडक्या पंखाचा हंस किती वेळा आला ते मोजायला लावते. आणि भाचीच्या वहीत आता एकेचाळीस हंस झाले आहेत.